खर्ज, पेटी आणि वॉट : बुकशेल्फ स्पीकरची जन्मकथा

१/ घरच्या स्टिरिओसाठी नवे बुकशेल्फ स्पीकर निवडताना माहितीपत्रकात एक आकडा हमखास दिसतो : संवेदनशीलता ८४, ८७ किंवा ९० डेसिबल. ग्राहक बहुधा किंमत आणि लाकडाचा रंग पाहून पुढे सरकतो. त्या आकड्यामागे मात्र १९५४ साली अमेरिकेत झालेला एक सौदा आहे.

२/ स्पीकरचा शंकू पुढची हवा ढकलतो, त्याच क्षणी मागची ओढतो. या दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की खर्ज नाहीसा होतो. म्हणून मागची लहर अडवणारी पेटी हवी, आणि खोल खर्जासाठी ती मोठीच हवी, असा त्या काळचा समज होता. पॉल क्लिप्श यांचा ‘क्लिप्शहॉर्न’ तर खोलीचा कोपराच कर्ण्याचा भाग म्हणून वापरत असे. थोडक्यात, उत्तम ध्वनीसाठी आधी मोठे घर हवे!

३/ न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीचे तंत्र शिकवणाऱ्या एडगर विल्चर यांनी दोष पेटीत न शोधता शंकूच्या आधारात शोधला. शंकूला जागेवर परत आणणारी ताठर कड जास्त ताणली की असमान वागते आणि खर्ज विकृत होतो. विल्चर यांनी ती कड सैल केली, पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. हवेची स्प्रिंग कितीतरी अधिक समप्रमाणात वागते. पण ती पुरेशी ताठ व्हायची तर पेटी लहान असावी लागते. म्हणजे इथे लहान आकार ही तडजोड नव्हती. ती रचनेचीच गरज होती.

४/ तडजोड दुसरीकडे होती. लहान पेटीतही खोल खर्ज मिळावा म्हणून शंकू जड ठेवावा लागला, आणि जड शंकू हलवायला जास्त शक्ती लागते. संवेदनशीलता ३ डेसिबलने घटली की तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट मोजावे लागतात. पेटीत वाचवलेली जागा अ‍ॅम्प्लिफायरने फेडायची, असा हा सौदा.

५/ प्रस्थापित उत्पादकांनी ही कल्पना नाकारली. अखेर विल्चर आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ‘अ‍ॅकॉस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढून ‘एआर-१’ बाजारात आणला. लांबी २५ इंच, रुंदी १४ इंच. ‘बुकशेल्फ’ हे नाव तसे उदारच म्हणायचे. पुढच्या ‘एआर-३’चे वजन वीस किलोंहून अधिक होते. पुस्तकांची साधी फळी त्याखाली वाकलीच असती.

६/ १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या आणि एकाऐवजी दोन स्पीकर लागू लागले. दिवाणखान्यात एक भले मोठे कपाट कसेबसे मावत असे. दुसरे कुठे ठेवणार? लहान पेटीची वेळ अचूक साधली गेली.

७/ तरीही लहान पेटीवर विश्वास बसणे अवघड होते. म्हणून कंपनीने ‘फाइन आर्ट्स क्वार्टेट’ या तंतुवाद्यवृंदाबरोबर जाहीर प्रयोग केले. वादक मध्येच गज केवळ फिरवल्यासारखे करीत आणि ध्वनी ‘एआर-३’मधून येई. बदल नेमका कुठे झाला, हे अनेक श्रोत्यांना कळले नाही. ही जाहिरात होतीच, पण श्रोत्याच्या कानालाच पंच करणारी जाहिरात विरळा.

८/ विल्चर यांचे पेटंट पुढे न्यायालयात टिकले नाही. हॅरी ओल्सन यांचे आधीचे काम आडवे आले. त्यानंतर हवाबंद पेट्या कोणीही बनवू लागले.

९/ क्लॉस १९५७ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ‘केएलएच’ स्थापन केली. तेथील भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे : खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणतीही दोनच निवडा.

१०/ सत्तरच्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी ‘एलएस३/५ए’ घडवताना याहून कठोर निवड केली. जेमतेम फूटभर उंचीच्या त्या पेटीसाठी त्यांनी सर्वांत खोल खर्ज सोडला आणि मोठा आवाजही सोडला. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत बसून निवेदकाचा आवाज पारखणे हे तिचे काम होते, आणि त्या अरुंद गाडीत याहून मोठ्या पेटीला जागाच नव्हती.