वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : शरीराइतकीच मनाचीही तयारी आवश्यक

अतिस्थूलतेवरील उपचार म्हणून केली जाणारी बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया आता भारतातील अनेक मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ या कालावधीतील पाचव्या फेरीनुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे. या सर्वांनाच शस्त्रक्रियेची गरज नसते. ज्यांना ती सुचविली जाते, त्यांच्या दृष्टीने मात्र भूल, टाके आणि खर्च यांच्याइतकाच महत्त्वाचा असलेला एक प्रश्न बहुधा मागे राहतो. तो म्हणजे मनाच्या तयारीचा.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

या शस्त्रक्रियांपैकी 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' आणि 'गॅस्ट्रिक बायपास' या दोन विशेष प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकला जातो व उरलेल्या भागाची अरुंद नळी तयार होते. दुसऱ्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. दोन्हींमुळे थोड्याशा अन्नाने पोट भरते. भुकेशी संबंधित संप्रेरकांतही बदल होतात व त्यामुळे भूक मंदावते.

मात्र भूक हे खाण्याचे एकमेव कारण नसते. कंटाळा, एकटेपणा, राग, अपमान आणि ताण हीदेखील खाण्याची कारणे असतात. जठराचा आकार कमी केल्याने ही कारणे नाहीशी होत नाहीत. मानसिक आधाराची आवश्यकता येथूनच सुरू होते.

आधीचे मूल्यमापन : परीक्षा नव्हे, पूर्वतयारी

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये आयोजित केलेल्या परिषदेत या शस्त्रक्रियेसाठी रुग्णांची निवड करताना शल्यचिकित्सक, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ अशा विविध शाखांतील तज्ज्ञांनी एकत्रित विचार करावा, अशी शिफारस करण्यात आली. पुढे अनेक देशांतील रुग्णालयांनी ही पद्धत स्वीकारली. वजनाचे निकष त्यानंतर बदलले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आशियाई लोकसंख्येसाठी बॉडी मास इंडेक्सची, म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनाच्या निर्देशांकाची, मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली. मानसिक मूल्यमापनाचे महत्त्व मात्र कायम राहिले.

या भेटीत मानसशास्त्रज्ञ रुग्णाच्या खाण्याच्या सवयी, पूर्वीचे वजन घटविण्याचे प्रयत्न, नैराश्य किंवा चिंतेचा इतिहास, मद्य व तंबाखूचे सेवन, घरातील वातावरण आणि शस्त्रक्रियेकडून असलेल्या अपेक्षा जाणून घेतात. अनेक रुग्णांना ही परीक्षा वाटते आणि 'नापास' होण्याच्या भीतीने ते माहिती दडवितात. तसे करणे त्यांच्याच हिताचे नसते. अनियंत्रित मनोविकार, चालू व्यसन किंवा उपचार न घेतलेले तीव्र नैराश्य आढळल्यास सामान्यतः शस्त्रक्रिया पुढे ढकलून आधी त्यावर उपचार केले जातात. नैराश्याचा पूर्वेतिहास असणे म्हणजे आपोआप अपात्र ठरणे नव्हे.

असे त्रास दुर्मिळही नाहीत. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधानुसार या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्के रुग्णांत नैराश्य, तर १७ टक्के रुग्णांत अनावर खाण्याचा विकार आढळला.

भारतीय परिस्थितीत आणखी एक प्रश्न स्पष्टपणे विचारणे आवश्यक ठरते : हा निर्णय कोणाचा? लग्न जमत नाही म्हणून आईवडिलांनी मुलीला शस्त्रक्रियेसाठी आणले असेल, तर तिच्याशी एकांतात बोलणे गरजेचे असते. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. याची कल्पना तिला आणि पुढे तिच्या सासरच्यांनाही असावी लागते.

पहिले काही महिने

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे केवळ द्रव, नंतर मऊ आणि मग हळूहळू घट्ट आहार, असा क्रम असतो. पूर्वी अन्नातून मिळणारा दिलासा या काळात अचानक नाहीसा होतो. काही रुग्णांना उदास वाटते, चिडचिड होते आणि 'हे आपण काय करून घेतले' असा पश्चात्तापही होतो. ही प्रतिक्रिया पुष्कळदा तात्पुरती असते. तिची पूर्वकल्पना असलेला रुग्ण घाबरून जात नाही.

त्यानंतर वजन वेगाने उतरू लागते. गुडघेदुखी कमी होते, जिने चढता येतात, मधुमेहाची औषधे कमी होऊ शकतात आणि लोक कौतुक करतात. या टप्प्यावर समुपदेशन अनावश्यक वाटू लागते व भेटी थांबतात. खरी गरज मात्र त्यानंतर निर्माण होऊ शकते.

दुसऱ्या वर्षापासूनची कसोटी

साधारण दीड वर्षानंतर वजन घटण्याचा वेग थांबतो आणि काहींचे वजन थोडे परत वाढते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घकालीन अभ्यासात, रुग्णांच्या जीवनमानात पहिल्या वर्षी मोठी सुधारणा, पुढील काही वर्षांत थोडी घसरण आणि त्यानंतर स्थैर्य, असे चित्र दिसले. दहा वर्षांनंतरही त्यांची स्थिती एकंदरीत पूर्वीपेक्षा बरी होती.

काही रुग्णांच्या बाबतीत हा काळ धोक्याचा ठरतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या उपचारांसाठी येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या तीन वर्षांच्या तुलनेत नंतरच्या तीन वर्षांत सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होते आणि बहुतेक घटना दुसऱ्या व तिसऱ्या वर्षातील होत्या. एकूण प्रमाण कमीच, म्हणजे दर हजार रुग्णांमागे वर्षाला चारपेक्षाही कमी होते. या शस्त्रक्रियेने मधुमेह व हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यामुळे या आकड्यांचा अर्थ शस्त्रक्रिया टाळावी असा नसून, पाठपुरावा किमान काही वर्षे चालू ठेवावा असा आहे.

मद्य, औषधे आणि जीवनसत्त्वे

बायपासनंतर मद्य रक्तात लवकर व अधिक प्रमाणात मिसळते. अमेरिकेतील सुमारे दोन हजार रुग्णांच्या अभ्यासात मद्यपानाशी संबंधित विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या ७.६ टक्क्यांवरून दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. ज्यांना पूर्वी हा त्रास नव्हता, अशांनीही सावध राहणे इष्ट आहे.

मनोविकारांवरील औषधांचे शोषणही बदलू शकते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचा परिणाम कमी होण्याची, तर लिथियमची रक्तातील पातळी धोकादायक होण्याची शक्यता असते. म्हणून ही औषधे स्वतःहून बंद न करता मानसोपचारतज्ज्ञ व शल्यचिकित्सक या दोघांनाही त्यांची माहिती द्यावी. सतत उलट्या होऊन थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण झाल्यास गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसू शकतात. हा मनाचा खेळ नसून तातडीच्या उपचारांची बाब असते.

आरसा आणि नाती

वजन उतरल्यावर सैल पडलेली त्वचा अनेकांना अस्वस्थ करते. काहींना आरशात अजूनही पूर्वीचेच शरीर दिसते. नात्यांचीही घडी बदलते. स्वीडनमधील २०१८ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर एकट्या व्यक्तींनी नवे नाते जोडण्याचे, तसेच जोडप्यांनी विभक्त होण्याचे, अशी दोन्ही प्रमाणे वाढलेली आढळली. जोडीदारालाही समुपदेशनात सहभागी करून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढणे हा आदरातिथ्याचा भाग मानला जातो. पंगतीत 'एवढेसेच?' असे विचारणारा नातेवाईक वाईट हेतूने बोलत नसतो, पण त्या क्षणी नकार देणे रुग्णाला जड जाते. अशा प्रसंगी काय बोलावे, याचा सराव समुपदेशनात करून घेतला जातो. खाण्यापूर्वीच्या विचारांची नोंद ठेवणे, ताण हलका करण्याचे अन्य मार्ग शोधणे आणि समदुःखी रुग्णांच्या गटात नियमित जाणे, यांचाही त्यात समावेश असतो.

मदत केव्हा घ्यावी

सलग दोन आठवडे उदासी, झोप उडणे, चोरून किंवा सतत थोडे-थोडे खात राहणे, मद्यपान वाढणे, तपासण्या टाळणे किंवा जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काहीही जाणवल्यास रुग्णाने वा कुटुंबीयांनी विलंब न करता तज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारची 'टेलि मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

वजन पुन्हा वाढल्याची लाज वाटून अनेक रुग्ण डॉक्टरांकडे जाणेच थांबवितात. कुटुंबीयांनी अशा वेळी दोष न देता त्यांच्यासोबत पुढच्या तपासणीस जाणे, हा घरातून मिळू शकणारा सर्वांत उपयुक्त आधार आहे.