बुश आणि रोलर : एका जीर्णोद्धाराचा विचार

यंत्राचा इतिहास लिहिताना कारखानदारांची नावे आणि उत्पादनाचे आकडे सहज हाती लागतात. परंतु यंत्राच्या पोटातील एखाद्या लहानशा भागाचे चरित्र मात्र कोणी लिहीत नाही. बुलेट मोटारसायकलचा कनेक्टिंग रॉड ज्याच्या आधारावर क्रँकपिनेभोवती फिरतो त्या बेअरिंगची, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील धारव्याची, कथा अशीच उपेक्षित राहिली आहे.

इंग्लंडमधील रेडिच येथे जन्मलेली ही गाडी १९५५ साली मद्रासला आली. प्रथम विलायतेहून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. १९५७ साली साचे व हत्यारे मद्रासला आली आणि काही वर्षांतच सारे भाग तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात घडू लागले. पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला. पण मद्रासला बुलेट निघतच राहिली. माहेर ओस पडल्यावर सासरीच वंश वाढावा, तसे हे झाले.

त्या ३४६ घनसेंटिमीटरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये एक तरता बुश असे. पोलादी कड्याला आतून-बाहेरून पांढऱ्या धातूचा लेप दिलेला. आणि हे कडे पिनेला वा रॉडला जखडलेले नसून तेलाच्या थरावर स्वतःही फिरणारे. त्यामुळे घर्षणाचा वेग दोन पृष्ठभागांत वाटला जाई. पांढऱ्या धातूची ही युक्ती अमेरिकन कारागीर आयझॅक बॅबिट याने १८३९ साली काढलेली. तिचा गुण असा की, तेलातून आलेला कचरा मऊ धातूत रुतून बसतो आणि कठीण पिनेचे रक्षण होते. धुळीच्या, संथ रस्त्यांच्या देशात हा बुश शोभणाराच होता.

पण रस्ते बदलले. बंगळूरहून तुमकूर, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा पुण्याकडे जाणारा मार्ग या शतकाच्या आरंभी सुवर्ण चतुर्भुज योजनेत रुंद झाला. पूर्वी दर गावापाशी थांबणारे इंजिन आता तासन्‌तास एका वेगाने धावू लागले. अशा वेळी तेल तापून पातळ होते, त्याचा थर तुटतो आणि मऊ धातू पुसला जातो. म्हणून जुन्या बुलेटचे इंजिन उघडणारे अनेक जण बुशाच्या जागी रोलर बेअरिंग बसवू लागले. रोलरला तेलाचा दाब थोडका पुरतो.

हा बदल वाटतो तितका सोपा नव्हे. दाबयंत्राने दोन्ही फ्लायव्हील विलग करावी लागतात, पिन आणि रॉडचा डोळा दोन्ही कठीण पोलादाचे लागतात, आणि पुन्हा जोडल्यावर दंड मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत सरळ आणावा लागतो. डायलकडे पाहत तांब्याच्या हातोडीचा नेमका ठोका देणारा कारागीर नसेल, तर महागडे बेअरिंगही व्यर्थ. शिवाय बुश मरतो तो बहुधा एकटा. रोलर फुटला तर पिन आणि रॉडलाही घेऊन जातो.

मग मूळ रूप राखावे की सामर्थ्य वाढवावे? केवळ प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीत मूळ बुशच असावा. तेथे तोच इतिहासाचा पुरावा आहे. परंतु जी गाडी आजही माणसाला गावी नेते, तिला आजच्या रस्त्याचे बळ देणे हा अपराध नव्हे. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केले, ते देवळे पुन्हा पूजेची व्हावीत म्हणून. अट एकच असावी : काय काढले, काय घातले आणि केव्हा, याची नोंद गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी व जुना भाग जपून ठेवावा. बदलाने इतिहास नष्ट होत नाही. बदल लपविल्याने होतो. परमुलखात राहून आपली भाषा रोजच्या वापरात ठेवणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.