सर्पगंधेचा धडा

औषधाचा इतिहास हा पुष्कळदा त्याच्या मात्रेचा इतिहास असतो. सर्पगंधा उन्मादावर व निद्रानाशावर आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब उतरविण्याचा तिचा गुण नोंदविला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तो जगापुढे मांडला आणि १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रेसरपीन वेगळे काढण्यात आले.

परंतु वापर वाढला, तशी खिन्नता, सुस्ती व उठताना येणारी भोवळ ही तिची दुसरी बाजूही दिसू लागली. वृद्धाच्या शरीरातून पुष्कळशा औषधांचा निचरा सावकाश होतो. तरुणास सोसणारी मात्रा त्यास जड जाते. अमेरिकेतील डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना अनुचित ठरणाऱ्या औषधांची यादी सिद्ध केली. तिच्या पुढील आवृत्त्यांत अधिक मात्रेतील रेसरपीन वर्ज्य ठरले.

भोपाळचे बिट्टन मार्केट असो वा मुंबईचे गिरगाव, पिशवी घेऊन बाजारात येणाऱ्या वृद्धांनी एवढे ध्यानी धरावे, की मुळी आणि गोळी अखेर एकाच रक्तात मिसळतात. म्हणून काढा, चूर्ण व गोळ्या यांपैकी काहीही वैद्यापासून लपवू नये.