नायगाराची भिंत आणि एक मासा

आम्हां गोमंतकीयांना मासा म्हटले की आधी ताट आठवते. म्हणून लांप्रेयाची गोष्ट मीही पोर्तुगालच्या ताटापासून सुरू करतो. तिथे मिन्यो नदीच्या काठी हिवाळा सरता सरता हा मासा त्याच्याच रक्तात, भाताबरोबर शिजवतात. दिसायला तो वामेसारखा, पण त्याला जबडा नाही. गोल तोंडात दातांची वर्तुळे असतात. दुसऱ्या माशाला चिकटायचे, अंग खरवडायचे आणि रक्त प्यायचे, हा त्याचा धंदा.

इंग्रजीत त्याला ‘सी लँप्रे’ म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या ऑन्टारिओ सरोवरात त्याची नोंद १८३५ सालची आहे. पुढे मात्र नायगाराचा सुमारे पन्नास मीटरचा कडा आडवा होता. त्याच्या वरची चार महासरोवरे त्या भिंतीमागे सुरक्षित होती.

ती भिंत माणसाने ओलांडून दिली. धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा १८२९ मध्ये जहाजांसाठी खुला झाला. पुढे तो वाढवला, सुधारला. १९२१ मध्ये हा मासा ईरी सरोवरात सापडला आणि १९३८ पर्यंत मिशिगन, ह्यूरन, सुपिरिअर या तिन्ही सरोवरांत पोचला. अटलांटिकमधल्या मोठ्या माशांना त्याची सवय होती. इथल्या ट्राउटला नव्हती. एक लँप्रे आयुष्यात अठरा किलोपर्यंत मासळी मारतो. आधीच अतिमासेमारी चाललेली. वरच्या सरोवरांत वर्षाला सुमारे दीड कोटी पौंड ट्राउट मिळत असे, ते १९६० नंतर जेमतेम तीन लाखांवर आले. काठावरच्या कितीतरी रापणकारांसारख्या कुटुंबांनी जाळी गुंडाळून ठेवली.

१९५५ मध्ये अमेरिका व कॅनडाने संयुक्त आयोग नेमला. व्हर्नन ॲपलगेट आणि सहकाऱ्यांनी हजारो रसायने तपासून, ओढ्यांच्या चिखलातली लँप्रेची पिल्ले मारणारे एक शोधले. १९५८ पासून ते वापरात आहे. लँप्रे सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले, पण संपले नाहीत. २०२० च्या महामारीत हे काम रोडावताच ते पुन्हा वाढले. म्हणजे एका कालव्याचे भाडे अजून दरवर्षी भरावे लागते आहे.

आणि पोर्तुगालात? तिथे नद्यांवर धरणे उभी राहिली, माशाची वरची वाट बंद झाली आणि लांप्रेया दुर्मीळ होत चालला. एकीकडे वाट उघडून अनर्थ, दुसरीकडे वाट बुजवून. मला यात माशाचा दोष दिसत नाही. पाण्याच्या वाटा बदलणाऱ्यांनी आधी त्या वाटेने कोण येते-जाते ते पाहावे, इतकेच.