काच नव्हे, भिंग: बेसमेंटमधल्या टीव्हीचा पडदा

२३ मार्च २००३, जोहान्सबर्गची वर्ल्ड कप फायनल. तेव्हा अमेरिकेत असाल, तर तुम्हीही ती रात्र जागून, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये कपाटाएवढ्या टीव्हीसमोर काढली असेल. भारत १२५ धावांनी हरला. आमच्याकडे आलेली मंडळी उपम्याला हात न लावता घरी गेली. तो टीव्ही अजून चालतो.

मागच्या महिन्यात मी त्याच्या पडद्यावर खिडक्या पुसायचं निळं पाणी मारलं आणि कागदी टॉवेलनं खसाखसा घासलं. चूक माझीच. तो पडदा काच नाहीच मुळी.

रिअर प्रोजेक्शन टीव्हीच्या पोटात लाल, हिरवी, निळी अशा तीन चित्रनलिका असतात. त्यांचा प्रकाश भिंगांतून आरशावर आणि तिथून पडद्याच्या पाठीवर पडतो. पडदा म्हणजे प्लास्टिकच्या दोन शीट. बाहेरचीवर उभ्या बारीक रेघा असतात; त्या प्रकाश डावी-उजवीकडे पसरवतात, म्हणून सोफ्याच्या टोकाला बसलेल्या काकांनाही चित्र दिसतं. आतलीवर गोल गोल खाचा असतात. ही फ्रेनेल लेन्स.

तिची कुळकथा थेट दीपगृहात जाते. ऑगस्तँ-जाँ फ्रेनेल या फ्रेंच इंजिनिअरनं जाडजूड भिंगातली बिनकामाची काच वगळून वक्र कडांची वर्तुळंच ठेवली. १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहात त्याचं भिंग लागलं. फाकणारा प्रकाश सरळ करून समुद्राकडे पाठवायचा, हे त्याचं काम. टीव्हीतही तेच, फक्त समुद्राच्या जागी आपण.

म्हणून अमोनिया, अल्कोहोल पूर्ण बंद. त्यानं ॲक्रिलिक धुरकटतं, बारीक तडे जातात. टीव्ही बंद करून थंड होऊ द्या. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, जुन्या सुती साडीचा तुकडा घट्ट पिळून, आणि हात रेघांच्या दिशेनं, वरून खाली. रेघांवरचा ओरखडा पॉलिशनं जात नाही, उलट रेघाच झिजतात. काही टीव्हींना पुढे सपाट संरक्षक शीट असते. आमच्याला होती म्हणून वाचलो! तिच्यावरचा धुरकटपणा प्लास्टिक पॉलिशनं बराच कमी झाला.

खाली स्कोअरच्या पट्टीची सावली दिसते, ती मात्र पडद्यावर नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी तेच चित्र राहिल्यानं नलिकेतला फॉस्फर झिजलाय. कॉन्ट्रास्ट आधीच कमी ठेवायला हवा होता.

मित्सुबिशीनं २०१२ च्या अखेरीस असे टीव्ही बनवणं सोडलं. आता शीट मिळते ती दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतूनच, आणि तिथेही स्पर्धा: हौशी लोक फ्रेनेल काढून उन्हावर धातू वितळवतात. तुम्हाला मिळालीच, तर ड्राइव्हवेत उन्हात टेकवून ठेवू नका, आग लागेल. आम्ही आणलेली चादरीत गुंडाळून, बॉयलरपासून लांब उभी ठेवलीय.