नळीभोवतीचा फुगा

ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत १८७८ च्या जुलैमध्ये विल्यम मॅकेवन या सर्जननी एका जाग्या रोग्याच्या तोंडात बोटं घालून, चाचपत चाचपत धातूची नळी श्वासनलिकेत उतरवली. रोग्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती. तो खोकला, पण नळी टिकली आणि तिच्यातूनच क्लोरोफॉर्म दिला गेला. रक्त फुप्फुसात जाऊ नये म्हणून मॅकेवननी नळीभोवती स्पंज दाबून बसवला. नळी आणि श्वासनलिका यांमधली ही फट बुजवण्याची धडपड तेव्हापासूनची, आणि ऑपरेशननंतर घसा खवखवतो, आवाज बसतो, त्याचं बरंचसं मूळ याच धडपडीत आहे.

फुगवता येणारा फुगा जर्मनीत ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८७१ मध्येच वापरला होता, पण गळ्याला छेद देऊन घालायच्या नळीवर. तोंडावाटे जाणाऱ्या नळीला तो नीट बसवला अमेरिकेत आर्थर ग्वेडेल यांनी. खाटकाकडून जनावरांच्या श्वासनलिका आणायच्या, रबरी हातमोज्याचं बोट कापून त्याचा फुगा करायचा आणि फट बंद होते का ते बघायचं, असे त्यांचे प्रयोग चालत. राल्फ वॉटर्स यांच्यासोबत त्यांनी ही नळी १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. लोकांना खात्री पटावी म्हणून ग्वेडेलनी आपल्या कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून चक्क पाण्यात बुडवून ठेवलं. फुगा इतका घट्ट बसला होता की पाण्याचा थेंब आत गेला नाही. कुत्रा जागा झाला आणि त्यानं अंग झटकलं. त्याचं नाव एअरवे!

फुप्फुसं सुरक्षित झाली, घसा मात्र नाही. लाल रबराचा तो फुगा आखूड आणि ताठ, त्यामुळे हवा जोरात भरावी लागे. व्हेंटिलेटरवर बरेच दिवस राहिलेल्या रोग्यांच्या श्वासनलिकेला जखमा होऊन ती आक्रसू लागली, तेव्हा १९६०–७० च्या दशकांत पातळ, मोठे, मऊ फुगे आले. त्यांचा दाब कमी, पण ते जास्त जागेला टेकतात, म्हणून खवखव पुरती गेली नाही.

माझ्या मते खरा टप्पा १९८४ चा. सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी दुर्बिणीतून श्वासनलिकेचं आतलं अस्तर पाहिलं. फुग्याचा दाब पाण्याच्या ३० सेंटिमीटरपलीकडे गेला की अस्तराचा रक्तपुरवठा मंदावत होता आणि ते पांढुरकं पडत होतं. त्याआधीच आणखी एक गोष्ट कळली होती: भुलीचा नायट्रस ऑक्साइड वायू फुग्यात झिरपतो आणि फुगा आतून फुगत जातो.

म्हणून थोडी बारीक नळी निवडणं आणि दाब २० ते ३० मध्ये ठेवणं, हे दोन उपाय साधे असले तरी मोलाचे. आतल्या फुग्याला जोडलेला, बाहेर लोंबणारा छोटा फुगा चिमटीत दाबून अंदाज घेण्याची सवय आजही अनेक ठिकाणी आहे. ती सुटायलाच हवी, कारण बोटांना २५ आणि ६० मधला फरक खात्रीनं कळत नाही. दाबमापक लावावा, आणि नायट्रस चालू असेल तर मधूनमधून पुन्हा लावावा. सुरुवातीला बरोबर असलेला दाब ऑपरेशन लांबलं की बराच वर चढलेला असू शकतो.