कुंपणाची कुळकथा

बेसबॉलच्या मैदानातली आतली मापं इंचात बांधलेली आहेत. दोन बेसमधलं अंतर 90 फूट; ते 1857 साली न्यूयॉर्कच्या क्लबांच्या अधिवेशनात ठरलं. चेंडू फेकणारा उभा राहतो ती पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, 60 फूट 6 इंचांवर. ती 1893 सालची. क्रिकेटच्या 22 यार्डांसारखीच ही मापं अढळ. कुंपण मात्र गावोगाव निराळं, आणि याचं कारण त्याच्या जन्मात आहे.

सुरुवातीला मैदानाला कुंपणच नव्हतं. 1862 साली ब्रुकलिनमध्ये विल्यम कॅमायर यांनी आपली जागा फळ्यांनी बंदिस्त केली आणि सामना पाहायला पैसे घेतले. कुंपण उभं राहिलं ते तिकिटासाठी. चेंडू किती लांब जावा, याचा विचार त्यात नव्हता. पुढे शहरं वाढली. मैदानाला मिळेल तो तुकडा घ्यावा लागला आणि रस्ता जिथे आडवा आला तिथे कुंपण थांबलं.

बोस्टनचं फेनवे पार्क 1912 साली उघडलं. डावीकडे लॅन्सडाउन रस्ता अगदी लगत, म्हणून तिकडची सीमा आज होम प्लेटपासून जेमतेम 310 फुटांवर आहे. अंतर वाढवता येईना, तेव्हा उंची वाढली. 1934 च्या नूतनीकरणात तिथे सुमारे 37 फुटांची भिंत उभी राहिली. 1947 साली तिच्यावरच्या जाहिराती जाऊन हिरवा रंग आला आणि ती ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स याहून विलक्षण होतं. लांबुळक्या टबासारखं हे मैदान उजव्या टोकाला जेमतेम 258 फूट, तर मधोमध 450 फुटांहून खोल. 29 सप्टेंबर 1954 रोजी, वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेतल्या पहिल्याच सामन्यात, व्हिक वर्ट्झ यांचा 400 फुटांपलीकडे गेलेला फटका विली मेज यांनी पाठमोरं धावत झेलला. त्याच सामन्याच्या दहाव्या डावात डस्टी ऱ्होड्स यांचा सुमारे 260 फुटांचा फटका उजव्या कुंपणापलीकडे पडला, तो होमरन ठरला आणि सामना संपला.

अखेर 1958 साली नियम आला : यापुढे बांधल्या जाणाऱ्या मैदानांत दोन्ही कडांना किमान 325 फूट आणि मध्यभागी 400 फूट हवेत. जुन्या मैदानांना तो लागू नव्हता, नव्यांनाही सवलती मिळत गेल्या. बाल्टिमोरचं कॅम्डन यार्ड्स 1992 साली उघडलं तेच उजवीकडे 318 फुटांवर.

माझ्या मते हेच योग्य झालं. आतले 90 फूट खेळाडूंना समान न्याय देतात. बाहेरचं कुंपण त्या गावाची ओळख जपतं. पोलो ग्राउंड्स 1964 साली पाडलं गेलं, तिथे आता उंच निवासी इमारती आहेत. फेनवेची भिंत अजून उभी आहे, आणि तिच्यामागे लॅन्सडाउन रस्ताही.